हसत निघालेल्यांची होडी

आधी नाखव्यांचं सांगतो, काय घडलं ते मागून. रेवदंड्याच्या खाडीवर ज्यांची होडी आहे, ज्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत आणि ज्यांनी एके दिवशी सगळ्यांसमोर मला होडीच्या फळीवरून खाली उतरवलं, त्या माणसामुळे मी आज धड आहे. होडीच्या मालकाला इथे नाखवा म्हणतात. मीही नाखवाच म्हणतो. काका म्हणावंसं पुष्कळदा वाटतं, पण जीभ वळत नाही. त्यांच्या बायकोला मात्र पहिल्या दिवसापासून काकी म्हणत आलो, कारण तिने पहिल्याच दिवशी नावगाव न विचारता, "भात खातोस ना, का तुलाही भाकरीच पायजे?" असं विचारलं होतं.

मी इथला नाही. वऱ्हाडातला. आमच्या गावात पोहण्याएवढं पाणी विहिरीतच, तेही संक्रांतीपर्यंत. नववीत शाळा सोडली. अपूर्णांकांचा तास आला की मला हातापायाला घाम फुटायचा. एक दिवस तासाला गेलो नाही, मग दुसऱ्या दिवशी जायला लाज वाटली, आणि अशीच सगळी शाळा सुटली. घरी कुणी फारसं अडवलं नाही. ओळखीच्या एका माणसाबरोबर आलो तो मांडव्याजवळच्या एका बंगल्यावर, झाडलोट करायला. शुक्रवारी मुंबईहून बोटीने पाहुणे उतरायचे, रविवारी परत जायचे. ते पत्ते खेळायचे. तिथेच मी पोकर पाहिला.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, मध्ये पाच पानं सगळ्यांची म्हणून एकेक करत उघडतात, आणि या सातांतून ज्याची पाच पानं भारी त्याचा डाव. मधूनमधून पैसे लावायचे, किंवा पानं टाकून गप्प बसायचं. मी चहा देताना मागे रेंगाळायचो. एका पाहुण्याने ते पाहिलं आणि हसत मला बसवून शिकवलं. जाताना म्हणाला, "एकच लक्षात ठेव. ज्या टेबलावर बसायचं, तिथे एकदा बसायला जेवढे पैसे लागतात त्याच्या वीसपट तुझ्याकडे असले तरच बस. नाहीतर खालच्या टेबलावर जा. त्यात लाज नाही." म्हणजे एका वेळी जवळच्या पैशांचा विसावा भागच घेऊन बसायचं, मग पंचविसावा का नाही, हे मी त्याला विचारलं. तो चकित झाला. मीही झालो. मास्तरांना जे पाच वर्षांत जमलं नाही ते त्या दुपारी झालं होतं, अपूर्णांक मला कळला होता.

पुढे बंगला विकला गेला आणि मी रेवदंड्याला नाखव्यांच्या होडीवर खलाशी म्हणून लागलो. पोहता येत नव्हतं, ते लपवलं. बोलताना 'का' च्या जागी 'काऊन' म्हणायचो, ते मात्र लपलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव काऊन पडलं. हे नाव ठेवलं चाचांनी. चाचा म्हणजे होडीवरचे सगळ्यात जुने खलाशी, मुरुडकडचे, पांढरी दाढी, गुडघे कुरकुरणारे. "ए काऊन, दोरी धर नीट, ती काय म्हशीची शेपटी हाय?" दिवसभर असं चालायचं. मला राग यायचा नाही. एवढ्या लांब आलेल्या माणसाला कुणी हाक मारतं, हेच पुष्कळ होतं.

आमची होडी डोलीची. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं. ते समुद्रात नांगरून ठेवायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी त्यात शिरते. म्हणून सगळं काम पाण्याच्या जोरावर. अमावस्या-पुनवेच्या आसपास उधाण, तेव्हा ओढ जबर आणि मासळीही भरपूर. मधल्या दिवसांत पाणी सुस्त, त्याला इथे भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत होडी बहुतेक किनाऱ्यावर, जाळी शिवायची, गप्पा मारायच्या.

आणि नाखव्यांची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या होडीवर पाहिली नाही. होडीवर चढायच्या फळीपाशी ते उभे राहायचे आणि चढणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "घरशी कसा निघालास?" घरून कसा निघालास, म्हणजे. उत्तर एकच, "हसत." मग वर यायचं. पण कुणी घरात भांडून आला असेल तर त्यानं "भांडून" म्हणायचं आणि मागे फिरायचं. त्याला कुणी चिडवायचं नाही, कारण विचारायचं नाही. त्या दिवशी तो काकीजवळ बसून जाळी शिवायचा. मोठमोठे दांडगे खलाशी मी असे खाली मान घालून मागे फिरताना पाहिले आहेत.

मला मात्र नाखवा विचारायचेच नाहीत. मी जाळ्यांच्या खोपटाशेजारच्या खोलीत एकटा राहायचो. "याला कला विचारायचा?" ते म्हणायचे, कला म्हणजे कशाला. "याचा भांडन झाला तर भिंतीशी होईल." सगळे हसायचे, मीही हसायचो आणि वर जायचो. पण दर वेळी थोडं लागायचं. वाटायचं, भांडायलासुद्धा घरात माणूस लागतो.

तर भांगाच्या दुपारी मी फोनवर पोकर खेळायचो. तेव्हा पैसे लावून खेळायची ॲपं चालू होती. मी सगळ्यात खालच्या टेबलावर बसायचो, एक-दोन रुपयांच्या. दोनशे घेऊन बसायचं. माझ्याजवळ साडेचार हजार जमले होते, म्हणजे वीसपटीच्या थोडे वर. पाहुण्याचा नियम मी पाळत होतो आणि त्याचा मला अभिमान होता. बहुतेक डावांत पानं टाकून द्यायचो. हळूहळू, मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होतो. या एका गोष्टीत मी हुशार आहे असं मला वाटायला लागलं होतं, आणि नववीत शाळा सोडलेल्याला असं वाटणं ही काय चीज असते ते मी सांगू शकत नाही.

त्या दिवशी भांग संपत आलं होतं. चार वाजता पाणी पाहून निघायचं ठरलं होतं. जेवण उरकून मी बसलो आणि मला दोन एक्के आले. इस्पिक आणि बदाम. समोरच्यानं पैसे वाढवले, मी आणखी वाढवले, त्यानंही तेवढे टाकले. पानं उघडत गेली, राजा, सत्ती, चौकी, राणी. मी सगळे लावले. त्यानंही लावले आणि दोघांची पानं उघडी झाली. त्याच्याकडे सत्ती-दुर्री होती. म्हणजे ज्या पानांना कुणी हात लावत नाही ती. मी जिंकल्यात जमा होतो. शेवटचं पान पडलं, सत्ती. त्याच्या तीन सत्त्या झाल्या, माझे एक्के दोनच.

दोनशे गेले. दोनशेच. खालच्या टेबलावर बसायचं ते याचसाठी, की असं झालं तरी काही बिघडू नये. हे मला पाठ होतं. पण त्या माणसानं गप्पांच्या चौकटीत एक हसरा चेहरा पाठवला. पिवळा, दात काढलेला. आणि तो उठून दहापट मोठ्या टेबलावर जाऊन बसला. तिथे कोण बसलंय ते दिसतं.

मी त्याच्या मागे गेलो.

तिथे दोन हजार घेऊन बसायचं. माझ्याकडे त्या टेबलाच्या वीसपट काय, अडीचपटही नव्हते. मला ते कळत होतं. अपूर्णांक येत नव्हता असं नाही. पण मला त्या वेळी पैसे नको होते, तो चेहरा पुसायला हवा होता. पहिले दोन हजार वीस मिनिटांत गेले, तेही त्याच्याकडे नाही, तिसऱ्याच कुणाकडे. मग उरलेले लावले. कसलीही पानं घेऊन. गुलाम-तिर्री घेऊन मी लढलो, एवढं सांगितलं तरी खेळणाऱ्याला कळेल. साडेतीनला माझ्याकडे काही नव्हतं आणि खोपटाबाहेरून चाचा ओरडत होते, "काऊन! समिंदर तुझ्यासाठी थांबनार हाय का?"

फळीपाशी नाखव्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा हात आडवा धरला. "काऊन, आज तुला पन विचारतो. घरशी कसा निघालास?"

"हसत," मी म्हणालो.

त्यांनी हात काढला. आता वाटतं, क्षणभर उशिरा काढला.

माझं काम दोराचं. जाळं सोडताना त्याचा दोर वेटोळं करून पायाशी ठेवायचा आणि नाखवा "सोड" म्हणाले की हातावर हात ठेवत थोडाथोडा सोडत जायचा. वेटोळं एकदम टाकायचं नाही, कारण ओढ लागली की दोर कुठे उडेल याचा नेम नसतो. हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे सत्ती होती. नाखवा "सोड" म्हणाले आणि मी अख्खं वेटोळं रागानं पाण्यात भिरकावलं. दोन एक्के भिरकावल्यासारखं.

पाणी जोर धरायला लागलं होतं. दोर सरसर निघाला, त्याचा एक वेढा फळ्यांवर उसळला आणि चाचांच्या पायाला बसला. ते खाली पडले. दोर त्यांना काठाकडे ओढत होता आणि ते दोन्ही हातांनी फळी धरून होते. मी उभा होतो. मला हलता आलं नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितो आहे. नाखवा सुकाणू सोडून आले, कमरेचा सुरा काढला आणि दोर तोडला. जाळ्याला गाठ मारलेला एकच दोर होता. जाळं गेलं. अर्ध्या मिनिटात त्याला बांधलेले तरंगते डबेही दिसेनासे झाले.

चाचांचा घोटा सोलवटून निघाला होता, सुजत चालला होता. धक्क्यावर लोक जमले, काय झालं म्हणून विचारायला लागले. नाखवा म्हणाले, "पान्याला जोर होता." बास.

म्हणजे मला गप्प बसता आलं असतं. सगळ्यांनी पाण्याला दोष दिला होता. आणि मी खरं बोललो तर होडी सुटणार हे मला दिसत होतं. होडी सुटली की खोली सुटणार, काकीचा भात सुटणार, आणि परत गावी जायचं तर कुठल्या तोंडानं? घरी मी फोनवर सांगत असे की समुद्रावर मला सगळे मानतात. रात्रभर मी पाठीवर पडून होतो. फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला होता, तरी त्यातून तो चेहरा हसतोय असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी जुनं जाळं घेऊन निघायचं ठरलं. चाचाही आले होते, पायाला फडकं बांधून, कामाला नाही, नुसतं धक्क्यावर बसायला. नाखव्यांनी फळीपाशी सगळ्यांच्या आधी मलाच विचारलं.

"घरशी कसा निघालास?"

माझा आवाज भलताच मोठा निघाला. "भांडून."

"आं? कोनाशी?" मागून कुणीतरी विचारलं. रीत मोडून.

"मोबाईलशी," मी म्हणालो. "आज नाही. काल."

सगळे हसले. खो-खो. एक जण म्हणाला, "कोनी मारला? तू का त्यानं?" चाचाही हसत होते. मग त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी पायाच्या फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काल तर हसत बोल्लास," चाचा हळू म्हणाले.

आता कुणीच हसत नव्हतं.

"उतर," नाखवा म्हणाले.

मी फळीवरून उतरलो, सरळ खोलीत गेलो आणि पिशवी भरायला लागलो. भरण्यासारखं फार नव्हतं. दोन शर्ट, चादर, पिठाच्या डब्यातला फोन. दारात काकी येऊन उभी राहिली.

"कुठं चाललास?"

"नाखव्यांनी उतरवलं ना."

"मग उतरल्यावर कुठं बसतात म्हाईत नाय तुला? एवढं दिस काय बघत व्हतास?" तिनं माझ्या हातातली चादर काढून घेतली आणि जाळं शिवायची सुई ठेवली. लाकडी, वीतभर लांब, सुताचा दोरा भरलेली. "ही घे. आनि फोन त्या डब्यातच ठेव. पन पिठात कला ठेवलास? मुंग्या लागतील."

मी रडलो. काकी जाळ्याची दुसरी बाजू धरून बसली आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढचं भांग येईपर्यंत मी जमिनीवर होतो. सुरुवातीला माझ्या गाठी तिरक्या यायच्या. गाठ चुकली की मी चिडून पुढची करकचून ओढायचो, त्यामुळे शेजारचा चौकोनही वाकडा व्हायचा. काकी न बोलता दोन्ही उसवायची. एकदा मी विचारलं, नाखव्यांची बोटं कशी गेली. ती सुई न थांबवता म्हणाली, "कालवनात मीठ जास्त परलं. नवीन लगीन. भांडला माझ्याशी, ताट सरकवला, तसाच होरीवर गेला. दोर हाताला गुंडालला रागात." थोड्या वेळानं म्हणाली, "खाऱ्या कालवनापायी दोन बोटा. अजून मीठ टाकताना माझा हात थांबतो बग." रीत कुठून आली ते मला तेव्हा कळलं.

भांगाच्या पहिल्या दुपारी नाखवा खोपटात आले, माझ्याशेजारी बसले. "दाखव तुझा भांडखोर."

मी फोन काढला. पैसे नव्हतेच, म्हणून फुकटच्या टेबलावर खेळ दाखवला. त्यांनी चार डाव पाहिले. पाचव्याला म्हणाले, "आता टाक ही पानं." बरोबर होतं. मग मी सगळं सांगितलं, एक्के, सत्ती, हसरा चेहरा, मोठं टेबल. टेबलं लहानमोठी असतात, कुठे किती घेऊन बसायचं, पाहुण्याचा वीसपटीचा नियम, तोही सांगितला.

"तो पावना शाना होता," ते म्हणाले. "तुझी किती वल्ह्यांची होरी व्हती?"

"साडेचार हजारांची."

"आनि त्या पान्यात?"

"चाळीस हजारांची लागते."

"मासली खोल पान्यात गेली म्हनून डोंगी घेऊन मागं गेलास." ते तीन बोटांनी गाल खाजवत राहिले. मग म्हणाले, "आनि मासली तरी होती का ती? तो दात काढनारा?"

मी हसलो. कितीतरी दिवसांनी.

"राग येनार," नाखवा उठता उठता म्हणाले. "मना अजून येतो. पान्याला येतो, आपन कोन? पन त्या वेली दोर हातात धरायचा नाय. भांडून म्हनायचा आनि उतरायचा. होरी कुटं जात नाय."

भांग संपल्यावर मी पुन्हा फळीपाशी उभा राहिलो. चाचा लंगडत का होईना, वर चढले होते. त्यांनी वरून ओरडून विचारलं, "काऊन, मोबाईलशी बोलाचाली झाली का?" नाखव्यांनी मला विचारलं आणि मी "हसत" म्हणालो, आणि तेव्हापासून आजपर्यंत ते मला विचारायला कधी चुकलेले नाहीत. भिंतीचा विनोद त्यांनी पुन्हा केला नाही.

मी पोकर सोडला असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. मी पुन्हा दोनशेपासून सुरुवात केली, तेही नसायचे तेव्हा फुकटच्या टेबलावर. ॲप उघडायच्या आधी स्वतःला विचारायचो, घरशी कसा निघालास. आणि कधीकधी खोटंही बोलायचो, स्वतःशीच. एका दुपारी मी पुन्हा वरच्या टेबलावर जाऊन बसलो होतो, पैसे घेऊन, बोट बटणावर. मग मोठ्यांदा "भांडून" म्हणालो, एकट्या खोलीत, आणि फोन पिठात ठेवला. मुंग्या लागल्या. काकी म्हणाली होती तेच झालं.

मग कायदा आला आणि पैशांची ती टेबलं बंद पडली. उरलेले पैसे परत मिळाले, थोडेच होते. सुटलो असं वाटलं आणि त्याच वेळी आपली एक जागा गेली असंही वाटलं. अजून भांगाच्या दुपारी अंगठा वळवळतो. ज्या गोष्टीत मी थोडा हुशार होतो ती आता कुठे दाखवायची? आणि तो राग कुठे गेला, गेला का, की दुसरं काही येईपर्यंत नुसता बसून आहे, हे मला माहीत नाही. याची मला भीती वाटते. चाचांचा घोटा पावसाळी हवेत दुखतो. ते म्हणतात वय झालं. मला माहीत आहे वय नाही.

नाखवा थकलेत. नव्या जाळ्याबद्दल त्यांनी मला एका शब्दानं कधी विचारलं नाही, ते कुठून आणलं, कसं आणलं, हेही मला कळू दिलं नाही. म्हणून मी काकीकडून डोल विणायला शिकतो आहे. आता बहुतेक लोक तयार जाळं आणून जोडतात, पण शेवटचा भाग, जिथे मासळी येऊन साठते तो खोला, हातानं विणलेला असला तर जास्त टिकतो असं ती म्हणते. दुपारी फोनच्या जागी सुई असते. तीन वेळा उसवला आहे. काकी अजून मान हलवते, नाही, उधाणात फाटेल.

फाटणार नाही असा होईल तेव्हा मी तो डोक्यावर घेऊन धक्क्यावर जाईन. नाखवा, तेव्हा तुम्ही फळीपाशी उभे असाल, नसाल, खुर्चीवर बसून असाल तरी चालेल. तुम्ही मला विचारा. मी कसा निघालो ते खरं सांगेन, आणि मग तुमचं जाळं तुमच्या हातात देईन. आणि त्या दिवशी तुम्हाला काका म्हणेन.